लष्कर यूएफओचा तपास करतं म्हणजे नेमकं काय करतं?

17 डिसेंबर 1969 रोजी अमेरिकी हवाई दलाने यूएफओंच्या, म्हणजे आकाशात दिसलेल्या अनोळखी उडत्या वस्तूंच्या, नोंदी तपासणारा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तोवरचा हिशेब असा होता: 1947पासून आलेल्या नोंदी 12,618, आणि त्यांपैकी उलगडा न झालेल्या 701. या दोन आकड्यांवरून गेली पन्नासहून जास्त वर्षं भांडणं चालू आहेत. एक पक्ष म्हणतो, शंभरातल्या चौऱ्याण्णव प्रकरणांचा छडा लागला, तर उरलेल्यांतही काही राम नसणार. दुसरा म्हणतो, खुद्द हवाई दलच 701 वेळा ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणतंय, आणखी काय पुरावा हवा?

माझ्या मते दोघंही एक गोष्ट विसरतात. हा तपास लष्कराने स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी केला, आपल्या कुतूहलासाठी नाही. आकाशात दिसलं ते काय होतं, हे आपल्याला जाणून घ्यायचं असतं. लष्कराला त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्या असतात: याच्यापासून धोका आहे का, आणि हे शत्रूचं आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं की अधिकाऱ्याच्या दृष्टीने काम संपलं. मग ती वस्तू काय होती हे अर्धवट राहिलं तरी त्याची झोप उडत नाही. हा फरक ध्यानात ठेवून जुनी कागदपत्रं वाचली, तर बऱ्याच चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टी सरळ होतात.

सुरुवात कशी झाली

1946मध्ये स्वीडनच्या आकाशात रॉकेटसारखं काहीतरी जाताना दिसल्याच्या शेकडो तक्रारी आल्या. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि जर्मनांच्या व्ही-2 रॉकेटचं तंत्र रशियाच्या हाती लागलं होतं. संशयाची सुई साहजिकच तिकडे वळली. पुढच्या वर्षी, 24 जून 1947 रोजी, केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला अमेरिकेत माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे खात जाते तशी त्यांची चाल होती, असं त्याने सांगितलं. वर्तमानपत्रांनी चालीचं वर्णन आकाराला चिकटवलं, आणि बघता बघता देशभरातून ‘उडत्या तबकड्यां’च्या बातम्यांचा पाऊस सुरू झाला.

सप्टेंबरमध्ये हवाई दलाचे लेफ्टनंट जनरल नेथन ट्वायनिंग यांनी वरिष्ठांना पत्र लिहून कळवलं की हा प्रकार खरा आहे, काल्पनिक नाही. हे वाक्य यूएफओवाले आजही हातात झेंडा घ्यावा तसं घेऊन फिरतात. पण त्याच पत्रात थोडं पुढे ट्वायनिंग काय म्हणतात तेही वाचायला हवं. एक शक्यता ते अशी मांडतात की हा आपल्याच देशाचा एखादा अतिगुप्त प्रकल्प असेल आणि आमच्या विभागाला त्याची कल्पना नसेल. दुसरी शक्यता, एखाद्या परक्या राष्ट्राने नवी, कदाचित अणुशक्तीवर चालणारी, यंत्रणा बनवली असेल. आणि कोसळलेल्या वस्तूचा एकही अवशेष हाती नाही, ही अडचणही ते नोंदवतात. न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉझवेलला ‘उडती तबकडी’ सापडल्याची प्रसिद्ध घटना या पत्राच्या जेमतेम दोन-अडीच महिने आधीची, हे लक्षात घेतलं की त्या ओळीचं वजन कळतं.

यातून 1948च्या जानेवारीत ‘प्रोजेक्ट साइन’ सुरू झाला. 1949मध्ये त्याचा ‘ग्रज’ झाला आणि मार्च 1952मध्ये ‘ब्लू बुक’. तिन्हींचा मुक्काम ओहायो राज्यातल्या डेटनजवळच्या राइट-पॅटरसन तळावर. परदेशी विमानांची चिरफाड करून त्यांचं तंत्र समजून घेणारा विभाग तिथेच होता. यूएफओचं काम त्याच विभागाकडे जाणं हे पुरेसं बोलकं आहे. ‘साइन’मधल्या काही जणांना मात्र परग्रहाची कल्पना पटू लागली होती. ‘ब्लू बुक’चे पहिले प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे, त्यांनी तसा अहवालही वर पाठवला आणि हवाई दलप्रमुख जनरल व्हँडेनबर्ग यांनी तो पुराव्याअभावी परत धाडला.

एका दिव्याचा तपास

प्रत्यक्ष तपास रुक्ष असतो. रुपेल्ट यांनी साक्षीदारांसाठी प्रश्नावली तयार करून घेतली होती. कुठे उभे होता, किती वाजले होते, कोणत्या दिशेला दिसलं, क्षितिजापासून किती वर, किती वेळ दिसत होतं, दिसेनासं कसं झालं. ‘तुम्हाला काय वाटलं’ याला त्यात फार किंमत नव्हती, आणि ते योग्यच होतं.

याचं कारण असं. रात्रीच्या आकाशातल्या दिव्याची दिशा आणि उंचीचा कोन माणूस बऱ्यापैकी सांगू शकतो. अंतर मात्र सांगू शकत नाही. जमिनीवर आपण घरं, झाडं, रस्ता यांच्या आधाराने अंतराचा अंदाज बांधतो. काळ्या आकाशात असा कुठलाच आधार नसतो. आणि अंतर चुकलं की सगळंच चुकतं. तोच ठिपका अर्ध्या किलोमीटरवर आहे असं धरलं तर तो छोटासा, हळू जाणारा फुगा ठरतो. पन्नास किलोमीटरवर धरला तर अजस्र आणि अचाट वेगाचं यान. ‘ताशी हजारो मैल वेगाने गेलं’ असं साक्षीदार सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. मनातल्या मनात धरलेल्या अंतराने त्याने गुणाकार केलेला असतो, इतकंच. शिवाय अंधारात एकाच ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो हलल्यासारखा वाटतो. हा डोळ्यांचा स्वभावच आहे. अनुभवी वैमानिकही त्यातून सुटत नाहीत.

म्हणून तपास अधिकारी आधी नेहमीच्या संशयितांची यादी तपासतो: त्या वेळी शुक्र कुठे होता, गुरू कुठे होता, जवळपासच्या वेधशाळेने हवामानाचा फुगा सोडला होता का, कोणती विमानं त्या मार्गावर होती, उल्कावर्षावाचे दिवस होते का. 1957नंतर उपग्रहांची भर पडली. यातलं काही जुळलं की प्रकरण मिटलं.

ही पद्धत किती साधी आणि किती परिणामकारक आहे, याचा उत्तम नमुना भारतीय सीमेवरचा आहे. 2012च्या ऑगस्टपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या भागात आपल्या जवानांनी आकाशात अनोळखी दिवे दिसल्याच्या 329 नोंदी केल्या. त्यांपैकी 155 वेळा ते प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आल्याचं त्यांना वाटलं. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत असा संशय होता, आणि त्या सीमेवर तो घेणं अगदी रास्तच होतं. लष्कराने अखेर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. शास्त्रज्ञांनी त्या वस्तूंची दिशा आणि उंचीचा कोन वेळेनुसार कसा बदलतो ते मोजलं. वस्तू ताऱ्यांबरोबरच सरकत होत्या. ड्रोन काही पृथ्वीच्या फिरण्याशी इतका इमाने-इतबारे ताल धरत नाही. संध्याकाळी उगवून रात्रभर दिसणारा दिवा गुरू निघाला, आणि पहाटे येणारा शुक्र.

ही बातमी तेव्हा अनेकांनी जवानांची टिंगल करत वाचली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. विरळ, स्वच्छ हवेत त्या उंचीवर ग्रह विलक्षण तेजस्वी दिसतात, आणि पहारेकऱ्याने ‘हा ग्रहच असेल’ म्हणून सोडून द्यायचं ठरवलं तर एके दिवशी खरा ड्रोनही निसटायचा. नोंद करणाऱ्याने नोंद केली, ओळखणाऱ्याने ओळखलं. यंत्रणा चालायला हवी तशीच चालली.

ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार

सगळी प्रकरणं इतकी गोडीगुलाबीने मिटत नाहीत, आणि त्याचं मोठं कारण लष्कर स्वतःच आहे.

7 जानेवारी 1948. केंटकी राज्यातल्या गॉडमन तळाच्या नियंत्रण मनोऱ्यावरून आकाशात काहीतरी मोठं, पांढुरकं दिसत होतं. योगायोगाने नॅशनल गार्डची चार एफ-51 विमानं तिथून चालली होती. त्यांना बघून यायला सांगण्यात आलं. तुकडीचे प्रमुख कॅप्टन थॉमस मँटेल, वय 25, वर वर चढत गेले. विमानात प्राणवायूची सोय त्या उंचीला पुरेल अशी नव्हती. बरोबरीचे वैमानिक मागे वळले. मँटेल चढतच राहिले, बहुधा प्राणवायूअभावी त्यांची शुद्ध हरपली, आणि विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

हवाई दलाने आधी सांगितलं की मँटेल शुक्राचा पाठलाग करत होते. दिवसाढवळ्या, फिकट आकाशात शुक्र इतका ठळक दिसत नाही, त्यामुळे हे कुणालाच पटलं नाही. पुढे तपासात जास्त पटण्याजोगं उत्तर पुढे आलं: ‘स्कायहूक’ फुगा. सुमारे शंभर फूट व्यासाचा, साठ-सत्तर हजार फुटांवर तरंगणारा, उन्हात चमकणारा. हा प्रकल्प अमेरिकी नौदलाचा होता आणि गुप्त होता. गॉडमन तळावर कुणाला त्याची माहिती नव्हती, मँटेलना नव्हती, आणि पहिल्यांदा तपास करणाऱ्यांनाही नव्हती. ट्वायनिंग यांच्या पत्रातली पहिली शक्यता चार महिन्यांच्या आत एका वैमानिकाच्या जिवावर बेतली.

हाच साचा पुढे पुन्हा पुन्हा दिसतो. रॉझवेलला 8 जुलै 1947 रोजी तळाने आधी ‘उडती तबकडी सापडली’ असं पत्रक काढलं आणि लगेच घूमजाव करून हवामानाचा फुगा असल्याचं सांगितलं. 1994मध्ये हवाई दलाने कबूल केलं की तो बहुधा ‘प्रोजेक्ट मोगल’चा होता: रशियाच्या अणुस्फोटांचे आवाज टिपण्यासाठी उंच सोडलेली फुग्यांची माळ. म्हणजे ‘फुगा’ हे अर्धं खरं होतं आणि ‘हवामानाचा’ हे खोटं. सत्तेचाळीस वर्षं जे अर्धं लपवलं, त्याच्या जागी लोकांनी परग्रहवासीयांची प्रेतं आणून ठेवली.

1955च्या ऑगस्टमध्ये यू-2 हे हेर विमान उडू लागलं. तेव्हाची प्रवासी विमानं दहा ते वीस हजार फुटांवरून जात. यू-2 साठ हजारांच्याही वर. खाली सूर्य मावळलेला असायचा, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन असायचं आणि यू-2चे चंदेरी पंख त्यात झळाळायचे. इतक्या उंचीवर विमान जाऊ शकतं हेच ठाऊक नसलेला वैमानिक खालून ते पाहायचा आणि तक्रार नोंदवायचा. सीआयएने 1997मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्याच इतिहासात लिहिलंय की ‘ब्लू बुक’चे तपासनीस अशा तक्रारी यू-2च्या उड्डाणांच्या नोंदींशी गुपचूप ताडून बघत. जुळलं तर कोडं त्यांच्यापुरतं सुटायचं. तक्रारदाराला मात्र हवामानाची किंवा तत्सम काहीतरी थाप ऐकवली जायची. पन्नासच्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या दशकात आलेल्या निम्म्याहून जास्त तक्रारी अशा हेर विमानांमुळे होत्या, असाही त्यात दावा आहे. तो आकडा मला जरा फुगवलेला वाटतो आणि बऱ्याच अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवलंय. पण थापा मारल्या जात होत्या याविषयी आता वाद उरलेला नाही.

रशियात वेगळं काही नव्हतं. 20 सप्टेंबर 1977च्या पहाटे पेत्रोझावोद्स्क शहरावर जेलीफिशच्या आकाराचा प्रचंड प्रकाश दिसला. तो प्लेसेत्स्कहून सोडलेल्या कॉसमॉस-955 उपग्रहाच्या रॉकेटचा होता. पण प्लेसेत्स्कचं प्रक्षेपण केंद्र अस्तित्वात आहे हेच तेव्हा अधिकृतपणे मान्य नव्हतं. सोव्हिएत सरकारने ते 1983मध्ये कबूल केलं. मग उत्तर देणार कसं? या घटनेनंतर तिथल्या विज्ञान अकादमीने आणि संरक्षण खात्याने मिळून यूएफओचा गुप्त अभ्यास सुरू केला, तो 1990पर्यंत चालला.

तपासाचं जनसंपर्कात रूपांतर

जुलै 1952मध्ये लागोपाठ दोन शनिवार-रविवारी अमेरिकेच्या राजधानीवर, वॉशिंग्टनवर, रडारच्या पडद्यांवर अनोळखी ठिपके दिसले. एफ-94 लढाऊ विमानं धाडली गेली. 29 जुलैला मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी मोठी पत्रकार परिषद घेऊन त्यातल्या बऱ्याचशा प्रकाराला तापमानाची उलटापालट कारणीभूत असावी असं सांगितलं. सहसा जमिनीलगतची हवा उबदार आणि वरची थंड असते. कधी कधी थंड हवेवर उबदार हवेचा थर बसतो आणि रडारच्या लहरी वाकून खाली येतात. मग जमिनीवरच्या गाड्या आणि इमारती आकाशात असल्यासारख्या पडद्यावर उमटतात. रडारवर बसलेल्या काही जणांना हे स्पष्टीकरण तेव्हाही पटलं नव्हतं. त्या एका वर्षात ‘ब्लू बुक’कडे 1,501 नोंदी आल्या.

सरकारला धास्ती वाटली ती तबकड्यांपेक्षा या गर्दीची. रशियाने हल्ला केलाच, तर खरा इशारा हजारो तक्रारींत बुडून जाईल. जानेवारी 1953मध्ये सीआयएने हॉवर्ड रॉबर्टसन या भौतिकशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती बसवली. पुढे नोबेल मिळालेले लुइस अल्व्हारेझही तीत होते. काही दिवसांच्या बैठकींनंतर निष्कर्ष निघाला: थेट धोका दिसत नाही, पण लोकांचं यूएफओवेड हाच धोका ठरू शकतो, तेव्हा या विषयाभोवतीचं गूढ काढून टाका. त्याच वर्षी हवाई दलाचा नियम आला. प्रकरणाचा उलगडा झाला असेल तरच अधिकाऱ्याने त्याबद्दल बाहेर बोलायचं. न सुटलेल्यांविषयी तोंड बंद.

इथेच घोडं पेंड खातं, असं मला वाटतं. ‘ब्लू बुक’चं कार्यालय नंतर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या माणसांवर येऊन ठेपलं आणि त्यांचं मुख्य काम उरलं आकडा खाली आणण्याचं. कुठलं तरी कारण चिकटवा आणि प्रकरण निकाली काढा. मार्च 1966मध्ये मिशिगनमध्ये बऱ्याच लोकांना दिवे दिसले तेव्हा हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनी त्यातल्या काही घटनांमागे दलदलीतला वायू असावा असं सांगितलं. देशभर हशा पिकला, तिथले खासदार जेरल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेत चौकशीची मागणी केली. खुद्द हायनेक पुढे हवाई दलाच्या पद्धतीचे कडवे टीकाकार बनले.

वैतागलेल्या हवाई दलाने हा विषय कोलोराडो विद्यापीठाच्या गळ्यात घातला. एडवर्ड काँडन यांच्या समितीने 1968मध्ये अहवाल दिला: एकवीस वर्षांच्या यूएफओ अभ्यासातून विज्ञानात कोणतीही भर पडलेली नाही, पुढे चालू ठेवण्यातही अर्थ नाही. गंमत म्हणजे त्याच जाडजूड अहवालात आत डोकावलं तर काही प्रकरणं समितीलाही सुटलेली नाहीत. पण हवाई दलाला हवं ते मिळालं आणि वर्षभरात ‘ब्लू बुक’ला टाळं लागलं.

एक गोष्ट मात्र यूएफओवाल्यांच्या बाजूनेही सांगायला हवी. बॅटेल या संशोधन संस्थेने हवाई दलासाठी 3,201 प्रकरणांचं विश्लेषण केलं होतं, ते 1955मध्ये प्रसिद्ध झालं. माहिती अपुरी असलेली प्रकरणं वेगळी काढल्यावरही शंभरातली साधारण बावीस प्रकरणं अनुत्तरित राहिली. शिवाय ज्या नोंदींचा दर्जा उत्कृष्ट होता त्यांत अनुत्तरितांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांश, आणि निकृष्ट नोंदींत त्याच्या निम्म्याच्या आसपास होतं. ‘माहिती कमी म्हणून उत्तर नाही’ एवढं एकच कारण असतं तर हे उलट दिसायला हवं होतं. बॅटेलने तरीही निष्कर्ष काढला की यामागे विज्ञानाच्या आवाक्यापलीकडचं तंत्र असण्याची शक्यता फारच कमी आहे. निष्कर्ष मला पटतो, पण तो आकडा पुसून टाकता येत नाही.

इतर देशांबद्दल थोडक्यात. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने पन्नासहून जास्त वर्षं यूएफओचं टेबल चालवलं आणि 2009मध्ये बंद केलं. इतक्या वर्षांत देशाला धोका असल्याचं एकाही नोंदीतून दिसलं नाही, असं कारण देऊन. फ्रान्सने शहाणपणा केला. तिथे 1977पासून हे काम लष्कराऐवजी अंतराळ संस्थेकडे आहे, आणि प्रकरणांच्या फायली लोकांना वाचायला मिळतात. लोकांचा प्रश्न ‘काय होतं?’ हा असेल तर तो शास्त्रज्ञांकडेच द्यायला हवा.

व्हिडिओंचा जमाना

डिसेंबर 2017मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की पेंटागॉनने 2 कोटी 20 लाख डॉलर खर्चून यूएफओचा अभ्यास चालवला होता, आणि त्यासाठी सिनेटर हॅरी रीड यांनी जोर लावला होता. सोबत नौदलाच्या विमानांतून टिपलेले व्हिडिओ आले. एप्रिल 2020मध्ये पेंटागॉनने असे तीन व्हिडिओ अधिकृतपणे प्रसिद्ध केले. आता सरकारी कागदांत यूएफओऐवजी ‘यूएपी’ म्हणतात. आपण यूएफओच म्हणू.

त्यातला ‘गोफास्ट’ नावाचा व्हिडिओ जवळून पाहण्यासारखा आहे. 2015मधला. समुद्राच्या पाण्यावरून एक ठिपका सुसाट पळताना दिसतो आणि वैमानिक आश्चर्याने ओरडतात. पण पडद्यावर काही आकडेही दिसतात. विमानाची उंची 25,000 फूट. वस्तूचं अंतर सुमारे 4.2 सागरी मैल, म्हणजे पावणेआठ किलोमीटरच्या आसपास. कॅमेरा क्षितिजाखाली किती अंश झुकलाय तेही लिहिलेलं आहे. शाळेत शिकलेली त्रिकोणमिती इथे पुरते. नासाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने हे गणित करून 2023च्या अहवालात मांडलं: वस्तू पाण्यालगत नव्हतीच, ती सुमारे 13,000 फुटांवर होती. व्हिडिओच्या 22 सेकंदांत ती साधारण 390 मीटर सरकली. म्हणजे ताशी सुमारे 64 किलोमीटर. त्या उंचीवरच्या वाऱ्याबरोबर वाहत जाणाऱ्या गोष्टीचा हा वेग आहे. धावत्या रेल्वेतून पाहताना जवळचा खांब दूरच्या डोंगरासमोरून झपकन मागे जातो, तसंच हे. पळत होतं ते मुख्यतः विमान.

हे सगळ्याच व्हिडिओंना लागू पडतं असं नाही. 2004मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ निमिट्झ युद्धनौकेच्या ताफ्यातले कमांडर डेव्हिड फ्रेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेपरमिंटच्या लांबट गोळीसारखी दिसणारी पांढरी वस्तू प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली. त्या प्रकरणाचं सर्वांना पटेल असं उत्तर आजवर मिळालेलं नाही. त्यांनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगितलं असं मी धरून चालतो. गणित करण्याजोगे आकडे मात्र त्या डोळ्यांनी पाहिलेल्या भागासाठी आपल्या हाती नाहीत.

जून 2021मध्ये अमेरिकी गुप्तचर खात्याने 144 नोंदींचा अहवाल दिला. खात्रीने उलगडा झाला होता फक्त एकीचा: हवा गळत चाललेला मोठा फुगा. ‘ब्लू बुक’च्या काळात शंभरातली चौऱ्याण्णव सुटायची आणि आता 144मधून एक? याचा अर्थ आकाश जास्त गूढ झालं असा नाही. आता तक्रार करणारे बहुतांशी लष्करी वैमानिक होते, अहवाल घाईत झाला होता, आणि कारण चिकटवून प्रकरण मिटवायची जुनी सवय सुटली होती. या शेवटच्या गोष्टीचं मी स्वागत करतो.

2022च्या जुलैमध्ये पेंटागॉनने ‘आरो’ नावाचं कायमचं कार्यालय उघडलं. पुढच्या फेब्रुवारीत चिनी फुग्याचा तमाशा जगाने पाहिला. 4 फेब्रुवारी 2023ला तो पाडण्यात आला. त्यानंतर आठवडाभरातच 10, 11 आणि 12 तारखेला अलास्का, युकॉन आणि लेक ह्युरॉनवर आणखी तीन वस्तू पाडल्या गेल्या. अचानक इतक्या वस्तू कुठून आल्या? उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाचे प्रमुख जनरल ग्लेन व्हॅनहर्क यांनी कारण सांगितलं. रडार पक्ष्यांनी आणि ढगांनी भरून जाऊ नये म्हणून अगदी संथ वस्तू गाळून टाकण्याची सोय त्यात असते. चिनी फुग्यानंतर ती चाळणी बारीक केली गेली, आणि जे आधीही वर तरंगत असणार ते पडद्यावर दिसू लागलं. त्या तिन्ही वस्तूंचे अवशेष मिळाले नाहीत आणि शोध थांबवला गेला. बहुधा खासगी कंपन्यांचे किंवा संशोधनाचे फुगे असावेत, असं राष्ट्राध्यक्ष बायडेन म्हणाले.

‘आरो’च्या नोव्हेंबर 2024मधल्या अहवालात 757 नव्या नोंदी आहेत. 292 प्रकरणं फुगे, पक्षी, ड्रोन, विमानं, उपग्रह अशा ओळखीच्या गोष्टींवर येऊन मिटली किंवा मिटण्याच्या मार्गावर होती. स्टारलिंकच्या उपग्रहांनी यात चांगलीच भर घातली आहे. 444 प्रकरणांत काही ठरवण्याइतकी माहितीच नव्हती, म्हणून ती राखून ठेवली. उरली 21, ज्यांचा आणखी अभ्यास करायला हवा असं ‘आरो’ म्हणतं. परग्रहाशी संबंध असल्याचा पुरावा एकातही सापडला नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय.

माझं लक्ष 21पेक्षा 444वर जातं. लढाऊ विमानाचा कॅमेरा लक्ष्य टिपण्यासाठी बनवलेला असतो, अज्ञात वस्तूचा अभ्यास करायला नाही. चित्रफीत असली तरी ती बाहेर देता येत नाही. चित्रात साधा पक्षी असला तरी तो किती अंतरावरून आणि किती स्पष्ट टिपला, हे शत्रूला कळलं तर कॅमेऱ्याची कुवत उघडी पडते. लोकांना वाटतं, वस्तू लपवतात. बहुतेक वेळा लपवायचा असतो तो कॅमेरा.

यावर उपाय म्हणून ‘आरो’ने ‘ग्रेमलिन’ नावाचा, रडार आणि वेगवेगळे कॅमेरे एकत्र जोडलेला संच तयार करवून घेतला. तो एका जागी महिनोन्‌महिने ठेवायचा आणि तिथल्या आकाशात रोज काय काय जातं याची नोंद घ्यायची, म्हणजे वेगळं काही आलं तर ते ओळखता येईल. मार्च 2024मध्ये टेक्सासमध्ये त्याची चाचणी चालू होती. तोवर त्याने काय पकडलं, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा कार्यालयाचे तेव्हाचे प्रभारी प्रमुख टिम फिलिप्स यांनी सांगितलं: पुष्कळशी वटवाघळं आणि पक्षी.